नरम की कडक: सांबराचं काडतूस

१४ डिसेंबर १९५१, शुक्रवार
साप्ताहिकाला पाठवायचं ‘वसईचं पत्र’ अर्धं लिहून झालं होतं, तोच इनास आला. माझा शाळासोबती, पापडीचा बागायतदार. जन्मभर केळी लावली आणि आता विलायतेला परत गेलेल्या एका साहेबाची रायफल, परवाना वगैरे रीतसर करून, घेऊन बसला आहे. खिशातून रुमाल काढला, रुमालातून काडतुसं. माझ्या पोथीच्या चौरंगावर ओळीनं उभी केली. सौ. दारातून पाहत होती. तो गेल्यावर चौरंग धुतला गेला. मला धुतलं नाही एवढंच.

विषय सांबर. चांदीपच्या बाळूचं वालाचं शेत डोंगराला लागून. पहाटे एक दांडगा नर उतरतो, ओळीच्या ओळी खुडून जातो. भातानंतर त्या घरात जे येतं ते ह्या वालातूनच. बाळूनं इनासला गळ घातली. इनासनं शब्द दिला. आता शब्द पाळायचा कोणत्या काडतुसानं, हा प्रश्न.

चार नरम, टोकाला शिसं उघडं. तीन कडक, नखशिखांत कवच. नरम गोळी अंगात फुलते आणि तिथंच राहते म्हणे. कडक आरपार जाते.

मी म्हटलं, सांबराला ह्यातलं काय आवडेल? तो हसला नाही. त्याच्या बापानं ऐन उमेदीत दुनळीतून छर्रे मारले होते. सांबर पळालं. चार दिवसांनी गिधाडांनी पत्ता दिला. बापानं पुन्हा बंदूक उचलली नाही. “एका गोळीत बसलं तर मारीन, शास्त्रीबुवा. नाहीतर नाय.”

१६ डिसें., रवि.
चर्चमधली मिस्सा आटोपून इनास परत हजर. पडवीत शास्त्रार्थ. पूर्वपक्ष: कडक, कारण सांबराचं हाड जाड. उत्तरपक्ष: नरम, कारण आरपार गेलेली गोळी पलीकडे कुणाला भेटेल ते सांगता येत नाही. दोन्ही पक्ष इनासच मांडत होता. मी मध्यस्थ, म्हणजे चहा पाजणारा.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे मुळात जवाचा दाणा. आमच्या मापांतला यव तो हाच! साहेबानं आणि ऋषींनी एकाच पोत्यात हात घातलेला. इनासला सांगितलं. म्हणाला, “बरं झालं. पण मारू कुठली?”

२० डिसें.
नेम पाहण्यात एक नरम गेलं. नेम बरा आहे. खांद्याला निळा डाग पडला; तो माझ्या. हौस माझी.

२२ डिसें., शनि.
परीक्षा घेतली. कल्पना इनासची, आणि वसईबाहेर कुणाला सुचली नसती. घड काढलेल्या केळींची खोडं बागेत पडलीच होती. ती एकामागं एक उभी केली. म्हणे केळीचं खोड आणि मांस सारखंच, दोन्ही पाण्यानं भरलेलं. कडक गोळी सगळ्या खोडांतून जाऊन मागच्या बांधात शिरली. खणून काढली तेव्हा जशीच्या तशी. नरम तिसऱ्या खोडात सापडली. जास्वंदीसारखी उमललेली. मी तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत राहिलो. इतकी सुंदर वस्तू, आणि हिचं काम हे.

इनासची आई आवाजानं बाहेर आली. खोडांची चाळण पाहिली, आम्हां दोघांना पाहिलं. “कोयता हरवला काय रे?”

ठरलं: नरम.

२७ डिसें.
नाताळामुळे चार दिवस खाडा. आज विरारपर्यंत गाडी, पुढे चंदनसारवरून चालत चांदीप. शेत पाहिलं. निम्मा वाल साफ. राखणीच्या माळ्यापासून सांबराच्या वाटेपर्यंत साठेक पावलं. त्यामागेच झऱ्याची पायवाट. बाया पहाटे तिथूनच पाण्याला जातात. म्हणजे कडक गोळीचं नावच नको.

पण बाळूनं आमच्या परीक्षेची हकिकत ऐकली, नराची उंची स्वतःच्या कपाळाला हात लावून दाखवली आणि विचारलं, “शेट, केलीला हाड असतं का?”

परतीच्या वाटेवर इनासनं स्वतःचा खांदा चाचपून पाहिला. मीही. दोन शहाणी माणसं.

३० डिसें.
खाटकाकडून म्हशीच्या खांद्याचं हाड. (सौ.ला कळलेलं नाही. लिहूनही ठेवायला नको होतं.) हाड पुढे, खोडं मागे, पंधरा पावलांवरून नरम. हाड फुटलं, पण गोळीचाही चुरा. पहिल्या खोडात नुसत्या किरचा. पलीकडे काही नाही. इनास किरचा वेचत बांधावर बसला. “असंच झालं असतं. बापासारखं.”

नरम आता एकच. मुंबईचा दुकानदार म्हणतो, माल बोटीनं येईल तेव्हा येईल.

३ जाने. १९५२, गुरु.
बाळू स्वतः पापडीला आला. बागेत उभं राहून खोडं बघितली. “शेट, तुमी केल्या मारता, सांबर माजा वाल खातो. दोगांचं बरं चाललंय.”

इनासनं उरलेली दोन कडक रुमालातून काढली. मग म्हणाला, कडक वापरतो, पण बायांनी त्या पहाटे वाटेवर यायचं नाही. बाळू म्हणाला, सांगतो, पानी दुपारी भरा.

५ जाने., शनि.
काल मुक्काम बाळूकडे. त्याची बायको चिमी भाकऱ्या थापता थापता ऐकत होती. “बायांनी दुपारी जायचं. त्यापरीस सांबरालाच सांगा की, दुपारी ये.” तरी घरोघर जाऊन सांगून आली.

पहाटे माळ्यावर. कडक भरलेलं. फटफटलं तेव्हा वालात एक झाड हललं, मग ते झाड नव्हतं. शिंगं मागे टेकवून उभा. आडवा, खांदा मोकळा. असं पुन्हा दिसणार नाही. इनासचा श्वास थांबलेला मला ऐकू येत होता.

नराच्या पाठीवरून, पलीकडे, काहीतरी चमकलं. हंडा. डोक्यावर हंडा घेऊन एक बाई झऱ्याकडे चाललेली, तिच्यामागं दुसरी.

इनासनं नळी वर केली. सांबरानं चार शेंगा आणखी खाल्ल्या आणि गेलं.

बाळू खालून धावत आला. काय झालं ते पायवाटेकडे बघून त्याला कळलं. बायकोवर ओरडला. चिमी शांतपणे म्हणाली, “आपल्या पाड्याला सांगितलं. वरल्या पाड्याला जायला तुला कोनी बांधून ठेवलं व्हतं?”

दुपारी तिनं उरलेला वाल कोवळाच तोडायला घेतला. इनास तिला म्हणाला, चार दिवस थांब. ती थांबली. टोपली तशीच अर्धी ठेवून घरात गेली.

६ जाने., रवि.
मिस्सा चुकवून इनास सकाळीच आला. चौरंगाकडे गेला नाही, उंबऱ्यावरच बसला. कडक गोळीला आता त्यानं स्वतःच बंदी घातली आहे. डोंगरातल्या कुठकुठल्या पाड्यांना सांगत फिरणार? राहिली नरम.

“शास्त्रीबुवा, हाडावर आपण पंधरा पावलांवरून मारली ना?”

हो.

“सांबर साठांवर असतं. तिथवर जाईतो गोळीचा जोर थोडा उतरत असेल. मग ती चुरा न होता फुलेल. की नाय?”

तर्क बिनतोड आहे. पाहायचं कसं? साठ पावलांवर दुसरं हाड ठेवावं, म्हणजे कळेल. पण काडतूस एकच आहे. हाडाला दिलं तर आम्हाला कळेल आणि बाळूचा वाल जाईल. सांबराला दिलं तर कळेल ते सांबराच्या अंगावर.

त्यानं ते माझ्या हातात ठेवलं. गार होतं. “तू सांग.”

अर्धा तास झाला. उंबऱ्यावर बसूनच आहे. मी हे लिहितो आहे, म्हणजे उत्तर द्यावं लागत नाही.