शंभरात सत्त्याण्णव वेळा ‘ठीक आहे’

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. संशोधकाला ती हवीच. हॉस्पिटलच्या सिस्टिममध्ये मी बसवलेल्या सूचनांना महिना झाला. डॉक्टर औषध टाइप करतात, काही धोका असला की पडद्यावर चौकट येते, ते ‘ठीक आहे’ दाबतात. शंभरात सत्त्याण्णव वेळा दाबतात! एवढा विश्वास माझ्यावर घरच्यांनीही कधी टाकला नव्हता. यावर पेपर, मग परिषद, मग टाळ्या. संकल्प: डॅशबोर्ड दिवसातून एकदाच बघायचा.

३ फेब्रुवारी, दुपार
चारदा बघितला. आकडा तोच आहे. पण तोच आहे हे कळायला बघावं तर लागतंच.

५ फेब्रुवारी
आमचा विभाग म्हणजे मी आणि एक प्रोग्रॅमर. गळ्यात कायम पेनड्राइव्ह, म्हणून त्याचं नाव पेनड्राइव्ह. त्याने जांभई देत विचारलं, चौकट पडद्यावर किती वेळ राहते ते मोजायचं का? नको म्हटलं. विश्वासाला घड्याळ लावायचं नसतं.

७ फेब्रुवारी
डॉक्टरांना सूचना एवढ्या आवडताहेत तर कंजुषी कशाला? वाढवल्या. गोळी जेवणाआधी की नंतर, पेशंटला पाणी भरपूर द्या, हात धुतलेत का, वगैरे. सर्जनबाई तावातावाने आल्या. तापाची साधी गोळी लिहायची तर नऊ चौकटी येतात, तोवर ताप आपला आपण उतरतो, म्हणाल्या. त्यांचं म्हणणं टिपून घेतलं. रकाना: वापरणाऱ्यांचा सक्रिय सहभाग.

१० फेब्रुवारी
एका जागी बसवत नाही. खुर्ची बदलली. टेबल खिडकीकडे फिरवलं. ऊन येतं म्हणून परत फिरवलं. परिषदेत कुणी आडवा प्रश्न विचारला तर? बायकोला पेपर वाचून दाखवला. ती भाजी चिरत होती. प्रत्येक परिच्छेदाला ठीक आहे म्हणाली. म्हणजे घरातही प्रतिसाद उत्तम आहे.

१२ फेब्रुवारी
परवा बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन, आमच्याच हॉस्पिटलात. त्यांना एका अँटिबायोटिकची जबर अ‍ॅलर्जी आहे. तरुणपणी जिवावर बेतलं होतं. तेव्हापासून दिसेल त्याला सांगत सुटतात. आज तपासणीला नेलं, तर लिफ्टमधल्या अनोळखी गृहस्थांनाही सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर बजावलं, अ‍ॅलर्जी मी स्वतः सिस्टिममध्ये भरली आहे, आता तुम्ही तोंड उघडायचं नाही, सिस्टिम सांगेल. बायको म्हणाली, सांगू देत की, तुझं काय जातंय? म्हटलं, माझी अब्रू जाते. मुलाची सिस्टिम आणि बापाचाच भरवसा नाही, असं दिसतं ते.
बाबांनी चष्मा काढून पुसला. मग ठीक आहे म्हणाले.

१४ फेब्रुवारी, सकाळ
ऑपरेशन झकास झालं. वॉर्डच्या दारात येरझाऱ्या घालतोय, हातात उघडा लॅपटॉप. शिकाऊ डॉक्टरने बाबांची औषधं लिहायला घेतली आणि इकडे माझा डॅशबोर्ड हलला. ठीक आहे, ठीक आहे, ठीक आहे! आकडा वर सरकला. घरच्या माणसाचाही हातभार लागला म्हणायचा.

१४ फेब्रुवारी, दुपार
सलाइनमधून औषध गेलं आणि बाबांच्या अंगभर गांधी उठल्या. ओठ सुजले, श्वास लागला. सिस्टर धावल्या, सर्जनबाई धावल्या, इंजेक्शन दिलं. मी लॅपटॉप छातीशी धरून उभा. एवढा घाबरलो नव्हतो कधी आयुष्यात.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ
बाबा बचावले. शिकाऊ डॉक्टर रडकुंडीला आलाय. सर, अकरा चौकटी आल्या हो, हात धुवा, पाणी द्या, त्यातली ही कुठली ते कळलंच नाही, म्हणाला. पेनड्राइव्हने मी न विचारताच मोजून दिलं. अ‍ॅलर्जीची चौकट पापणी लवायच्या आत गेली होती. माझ्या तक्त्यात मात्र ती ‘सूचना स्वीकारली’ या रकान्यात बसली आहे.
बाबांना विचारलं, सुई लावताना सांगितलं का नाहीत? सुजलेल्या ओठांनी म्हणाले, तूच म्हणालास ना, तोंड उघडायचं नाही. रागावून नाही म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

१५ फेब्रुवारी
फालतू सूचना सगळ्या काढून टाकल्या. पेपर तसा वाया गेलेला नाही, रोख थोडा बदलावा लागेल इतकंच. नवीन विषय: सूचना न वाचता पुढे जाण्याची डॉक्टरांची सवय. बाबांच्या खाटेशेजारी बसून सुरुवातही केली. वेगाने सुचत होतं. तेवढ्यात बायको डबा घेऊन आली आणि काहीतरी म्हणाली. मी ठीक आहे म्हटलं.
ती हलली नाही. म्हणाली, मी काय म्हणाले, सांग बघू.
काही केल्या आठवेना. मदतीसाठी बाबांकडे पाहिलं. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.