माझ्या बाजूला ओढणारी गाडी

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. विषय एकच: सासऱ्यांची स्पोर्ट्स कार. दोन सीटची, जमिनीला पोट टेकवून चालणारी. वर्षभर आमच्या गॅरेजमध्ये आहे, पण कागदोपत्री अजून त्यांचीच. काल जेवताना त्यांनी जाहीर केलं की गाडी नीट राखल्याचा पुरावा म्हणून सोळा तारखेला थोरल्या जावयाने स्टिअरिंग सोडून गाडी सरळ नेऊन दाखवावी. गेली तर गाडी त्याची, नाहीतर धाकट्याची. थोरला म्हणजे मी. धाकटा म्हणजे माझा साडू. पहाटे उठून पळतो, नुसता हाडांचा सापळा. त्याला स्पोर्ट्स कार शोभणार आहे का?

अडचण क्षुल्लक आहे. गाडी जरा माझ्या बाजूला ओढते. अलाइनमेंट केली की झालं. तासाभराचं काम.

४ मार्च
तासाभराचं काम नाही. अलाइनमेंटवाल्या बाई फोनवर म्हणाल्या की आधी सस्पेन्शनमध्ये काय काय झिजलंय ते शोधा, बदला आणि मग या. खालचे सांधे सैल असताना चाकांचे कोन लावण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, मी तेच म्हणणार होतो.

स्वतः शोधणार. व्हिडिओ पाहिले. थिअरी पक्की.

६ मार्च, संध्याकाळ
गाडीचे चारही कोपरे दाबून सोडले. तीन कोपरे एकदाच उसळून गप्प झाले. माझ्या सीटकडचा पुढचा कोपरा मात्र बराच वेळ डोलत राहिला. म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर गेला. जॅक लावून ते चाक वरखाली धरून हलवलं. खट्ट! बॉल जॉइंटही गेला. मग बायकोला आत बसवून स्टिअरिंग हलवायला लावलं आणि मी खाली शिरलो. रबरी बुश चिरलेले, तेही त्याच बाजूचे. दुसरी बाजू एकदम ठणठणीत.

गूढ आहे. गाडी एक, रस्ता एक. बायकोने वरून विचारलं, अहो, त्या बाजूला बसतं कोण? मी म्हणालो, विषय तांत्रिक आहे.

खालून बाहेर निघायला थोडा वेळ लागला. शेजाऱ्याला बोलवावं लागलं. मग त्याच्या भावालाही. कंपनीने गाडीची उंची फारच कमी ठेवली आहे.

७ मार्च
गूढ उकललं. सासऱ्यांकडे इतकी वर्षं काहीच बिघडलं नाही, म्हणजे झीज आतल्या आत साठत होती. ती नेमकी माझ्या वाट्याला आली. आमचं नशीबच तसलं. सगळे पार्ट मागवले, दोन्ही बाजूंचे.

१० मार्च
पार्ट बसवले. मेकॅनिकने आणि मी मिळून. म्हणजे बसवले त्याने, पण पाने मी हातात देत होतो आणि तेही बऱ्याचदा बरोबर. खटखट पूर्ण बंद! साडूला उगाच फोन करून तब्येत विचारली.

१२ मार्च
अलाइनमेंट. बाई म्हणाल्या की गाडी हलकी आहे, चालवणाऱ्याच्या वजनाने वाकते, म्हणून सीटवर तेवढ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवून कोन लावते. वजन सांगा. मी म्हणालो, अडुसष्ट किलो.

बाईंनी मला आपादमस्तक पाहिलं. पुन्हा विचारलं. पुन्हा अडुसष्ट. त्या म्हणाल्या, पिशव्या राहू द्या, तुम्हीच बसा की. मी म्हणालो, एक अर्जंट फोन आहे. काम संपेपर्यंत बाहेर बंद फोन कानाला लावून उभा होतो.

यात खोटं काही नाही. अडुसष्ट हे माझं मूळ वजन, लग्नातलं. वरचं नंतर आलं, ते तात्पुरतं. अलाइनमेंट टिकाऊ गोष्ट, ती तात्पुरत्या वजनावर कशी करायची?

संकल्प: रविवारपर्यंत मूळ वजनावर यायचं. साखर बंद, ब्रेड बंद, रात्रीचं जेवण बंद.

१३ मार्च
रात्री जेवलो नाही. संध्याकाळीच जेवून घेतलं, दोन्ही वेळचं.

गाडी चालवून पाहिली. किंचित ओढते. माझ्या बाजूला. नवे पार्ट अजून रुळले नसतील.

१४ मार्च
वजनकाटा बिघडलाय. निदान बाथरूमची फरशी तरी उताराची आहे. काटा हॉलमध्ये नेला. हॉलची फरशीसुद्धा उताराची निघाली. काय बांधकाम करतात लोक!

१५ मार्च
कडक उपास, दुपारपर्यंत. नंतर व्यायाम म्हणून चालत गेलो. बेकरीपर्यंत.

बायको म्हणाली, अहो, बाबांना खरं काय ते सांगून टाका, ते हसतील आणि सोडून देतील. मी म्हणालो, सांगण्यासारखं आहेच काय? पण झोप येत नाही. गाडी गेली तर मला फार वाईट वाटेल. सुट्टीच्या दिवशी तिच्यात बसलो की मी कुणाचा थोरला जावई नसतो, कुणाचा साहेब नसतो. पंचविशीतला असतो.

उद्या मोबाईल, पाकीट, घड्याळ, सगळं घरी ठेवणार. बूटसुद्धा पातळ तळव्यांचे.

१६ मार्च, रविवार
बंद कारखान्याचं मोकळं आवार. सगळं सासर हजर. मी श्वास आत ओढून बसलो, वेग घेतला आणि हात सोडले. गाडी सावकाश, अगदी मायेने, माझ्या बाजूला वळली आणि कुंपणाकडे निघाली. ब्रेक मारला.

साडू म्हणाला, दादा, मी बघू का? त्याने सीट बरीच पुढे घेतली. हात सोडले. गाडी दोरी आखल्यासारखी सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उतरून माझा हात हातात घेऊन म्हणाला, दादा, काय अलाइनमेंट करून घेतलीत! जणू माझ्या मापाची शिवली आहे. मेहुणी कौतुकाने म्हणाली, यांचं वजन कॉलेजपासून हललेलं नाही, अडुसष्ट. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. सासऱ्यांनी किल्ली साडूच्या हातात ठेवली.

घरी सोडायला साडूनेच नेलं, मला शेजारी बसवून. सीटबेल्ट लावायला त्याने मदत केली. अर्ध्या वाटेत त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. म्हणाला, दादा, मघाशी तर सरळ होती. आता तुमच्या बाजूला ओढते आहे. तिकडचं काहीतरी झिजलं असेल का?

मी म्हणालो, असेल.