उखामामांनी पाहिलेली मुलगी

॥ श्री ॥
पांडेसरा, सुरत
सोमवार, दि. ६ मे १९९६

ती. सौ. मंगलाबाई यांचे चरणी
कु. सुषमाचा सा. न. वि. वि.

लग्न ठरलेल्या मुलीने होणाऱ्या सासूबाईंना परस्पर पत्र लिहावे हे रीतीला सोडून आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. या धिटाईबद्दल प्रथम क्षमा मागते. ‘आई’ लिहिण्याचा अधिकार उरला आहे की नाही हे ठाऊक नसल्यामुळे वर नाव लिहिले, त्याबद्दलही क्षमा असावी.

काल बाबांनी आपले पत्र आईला वाचून दाखवले. मी आत कणीक मळत होते. गजेंद्र एका गुजराती मुलीबरोबर सुरतेत उघड हिंडतात, हे आपले बंधू उखामामा यांनी स्वतः पाहिले. गजेंद्रांना विचारले तर ते मान खाली घालून गप्प राहिले. म्हणून असा मुलगा चांगल्या घरच्या मुलीच्या गळ्यात बांधण्यापेक्षा आपण हे लग्न मोडत आहात, असे आपण लिहिले आहे.  बाबा एवढेच म्हणाले, की बाई सरळ आहे.

ती मुलगी मी होते.

परीक्षा संपल्यापासून माझे कशातच मन लागत नाही. वाचनालयातून आणलेले पुस्तक उघडते आणि त्याच पानावर बसून राहते. तापीकाठच्या मैदानावर दर शनिवारी संध्याकाळी उन्हाळी मेळावा भरतो. एका बाजूला गाणे-बजावणे, दुसऱ्या बाजूला शाळकरी मुलांची चित्रे आणि सभोवार खाण्याच्या गाड्या. मी तीन वर्षांची असताना आम्ही शिरपूरहून इथे आलो, पण घर, शाळा आणि वाचनालय यांपलीकडे मी सुरत पाहिलीच नव्हती. मैत्रीण रुपाली मला ओढून घेऊन गेली. तिचाच पंजाबी ड्रेस अंगात होता. गजेंद्र इच्छापोरच्या कारखान्यातून सुटून तिथे आले होते. योगायोगाने आले, असे मी लिहिले तर ते खोटे होईल.

त्या दिवशी सौराष्ट्राकडची एक वयस्क बाई गात होती. मध्येच वीज गेली, ध्वनिक्षेपक बंद पडला, तरी ती गातच राहिली. तेव्हा लोचो, म्हणजे इथला मऊ ढोकळा, विकणाऱ्याने आपण होऊन रॉकेलचा स्टो विझवला, शेजारच्यानेही विझवला, आणि तो फरफर आवाज थांबताच तिचे गाणे आमच्यापर्यंत आले. इतकी माणसे इतकी शांत असलेली मी कधी पाहिली नव्हती. वीज आल्यावर मी लोचोवाल्याशी गुजरातीतून बोलले, कारण इथे सगळेच तसे बोलतात. रुपाली ताडगोळे आणायला गेली होती. गजेंद्र कोको पीत होते. इथला कोको इतका दाट असतो, की त्यांना वरच्या ओठावर मिशी फुटली आणि मला हसू आवरेना. नेमके तेवढेच उखामामांनी पाहिले असावे.

गजेंद्र गप्प राहिले ते माझे नाव येऊ नये म्हणून. त्यांच्यावर राग धरू नये. दोष द्यायचाच तर मला द्यावा. बाबांना हे अजून सांगितलेले नाही. आज सांगणार आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
सुषमा

॥ श्री ॥
नंदुरबार
रविवार, दि. १२ मे १९९६

चि. सौ. कां. सुषमा हिस
मंगलाबाईचे अ. आ. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. मी सांगते आहे आणि माझी लेक चंचल लिहिते आहे. तिने तुझे पत्र मला दोनदा वाचून दाखवले आणि तिसऱ्यांदा एकटीच वाचत बसली. अक्षर बघून मला म्हणाली, की वहिनी आली की माझ्या वह्या तिच्याकडे.

माझा मुलगा फसवा नाही हे कळले, बरे वाटले. पण पोरी, एक काळजी गेली नि दुसरी आली. हळद लागायच्या आधी नवरानवरी चारचौघांत उभी राहून खातात-पितात, हे आमच्या भाऊबंदांत कळले तर मी काय सांगू?

त्यात तुझे उखामामा ऐकायला तयार नाहीत. आम्हांपैकी तुला बघून गेलेले ते एकटेच, आणि ते तर तुझ्यासमोर बसून दोन बशा पोहे खाऊन आले. तुझे पत्र वाचून दाखवले तर म्हणे, पोरगी त्याला पाठीशी घालते आहे. “ती पोर खदखदा हासत व्हती, आपली नवरी त मुंडीबी वर करस नही.” मी तुझा फोटो काढून बघितला. त्यात डोक्यावर पदर आणि नजर जमिनीला. तुझी हनुवटी तेवढी मला पाठ झाली आहे. आता उखादादाला मी खोटे कसे पाडू?

लग्न मोडायचे मी मागे घेते. पण मला तुझ्याकडून वचन हवे. अक्षता पडेपर्यंत मेळाव्याला जायचे नाही, गजेंद्रला भेटायचे नाही. लग्नानंतर तू इथे माझ्याजवळ राहायचेस. तो सणावाराला येत जाईल. त्याचे वडील कारखान्यात होते तेव्हा मीही अशीच राहिले. इथे गाणीबिणी नाहीत, पण भरीत चांगले मिळते.

हो म्हणून उलट टपाली कळव, म्हणजे विषय मिटला. घरच्यांना नमस्कार सांग.

तुझी,
मंगलाबाई

ता. क. वहिनी, हे मी माझ्या मनाने लिहिते आहे. तो कोको थंड असतो की गरम? – चंचल

॥ श्री ॥
पांडेसरा, सुरत
सोमवार, दि. २० मे १९९६

ती. सौ. आईंचे चरणी
सुषमाचा सा. न. वि. वि.

आपण मला ‘चि. सौ. कां.’ लिहिलेत, म्हणून मी वर ‘आई’ लिहिण्याचे धाडस केले आहे.

उलट टपाली उत्तर पाठवता आले नाही. ‘हो’ असे लिहिलेली तीन आंतरदेशीय पत्रे मी फाडली. रात्री उठून गच्चीवर फेऱ्या मारते, म्हणून खालच्या मजल्यावरच्या प्रमिलाबाईंनी आईकडे तक्रारही केली.

बाबांना मी त्याच दिवशी सगळे सांगितले.  परवा शनिवारी ते कापड रंगवायच्या गिरणीतून पाळी संपवून आले, हातांवरचा रंग घासून धुतला, धुतलेला सदरा घातला आणि विचारले, की ते गाणे कुठे असते. आई, बाबा आणि मी असे तिघे गेलो. गजेंद्रही आले होते. बाबांनी त्यांना आलूपुरी खायला घातली आणि पूर्ण वेळ आम्हां दोघांच्या मध्ये उभे राहिले. तेव्हा मेळाव्याला न जाण्याचे आणि गजेंद्रांना न भेटण्याचे वचन मी देण्याआधीच मोडून बसले आहे.

लग्नानंतर नंदुरबारला आपल्याजवळ राहण्याचे वचनही मला देता येत नाही. शाळेत पहिला नंबर आला तेव्हासुद्धा बक्षीस घ्यायला मी रुपालीला सोबत घेऊन गेले. मी भांडणारी मुलगी नाही. आपण एकटीने जी वर्षे काढलीत त्यांचा अनादर करण्याचाही माझा हेतू नाही. परंतु ज्यांच्याशी माझे लग्न होणार ते सुरतेत राहणार, आणि मलाही त्यांच्याबरोबर इथेच राहायचे आहे. पांडेसऱ्यात एका खोलीत आम्ही राहू. सणाला दोघे मिळून आपल्याकडे येऊ. हे आपल्याला मान्य नसेल, तर लग्नाआधीच तसे सांगावे. मी रडेन, पण आज ‘हो’ म्हणून पुढे आपल्या घरात कुढत राहणार नाही.

उखामामांचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर बसले होते तीही मीच, आणि मेळाव्यात हसत होते तीही मीच. आपल्याला कोणती सून मिळते आहे, हे आपण स्वतः पाहून ठरवावे. शनिवारी, १ जूनला शेवटचा कार्यक्रम आहे. चंचल आणि उखामामांना घेऊन सकाळच्या गाडीने निघावे. कोको थंड असतो, हे चंचलला सांगावे. आपण सुरतेच्या अलीकडे उधन्याला उतराल तेव्हा मी फलाटावर उभी असेन. पदर असेल, पण तो खांद्यावर.

येण्याचे करावे, आणि रागावलात तरी माया कमी करू नये.

आपली,
सुषमा

(पत्राच्या पाठीवर, सुषमाच्या अक्षरात) पांडेसरा टपाल कचेरीच्या पेटीत स्वतः टाकते आहे : सोमवार, दि. २० मे १९९६, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे.