आमच्या अंगणात दिसलेला चांद

भद्रावती, मे २००२

आदरणीय रहमतभाई यांस,

शफीचा सलाम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की अजून खालूनच भाभींना हाका मारता? इथे आफ्रीनच्या लग्नाची तयारी जोरात आहे. मंडप आपल्याच अंगणात पडणार, हे तुमच्या बहिणीने, जाहिदाने, सगळ्या गावाला सांगून ठेवलंय. पण पत्राचं कारण लग्न नाही, गटार आहे. (नाक मुरडू नका.)

कॉलनीची भुयारी गटारं आपल्या जाहिदापेक्षा वयाने मोठी. (हे तिला सांगू नका.) ती तपासायला चंद्रपूरहून नंदिनीबाई नावाच्या इंजिनीअर आल्या. काय बाई आहे, भाईजान! चेंबरची झाकणं उघडून आतली हवा मोकळी होऊ दिली आणि कुणालाही आत उतरू दिलं नाही. म्हणाल्या, काम आरशावर होतं. एका चेंबरपाशी मोठा आरसा धरून ऊन पाइपात सोडायचं आणि दुसऱ्या चेंबरमध्ये काठीला बांधलेला छोटा आरसा सोडून बघायचं. आता त्यांचा मोठा आरसा बसमध्येच फुटलेला. आफ्रीनसाठी आणलेला शृंगाराचा आरसा मी कपाटातून काढून दिला. जाहिदा जे बोलली ते लिहीत नाही.

त्यांनी पलीकडून ऊन सोडलं. मी काठीचा छोटा आरसा आत सोडून आमच्या अंगणातल्या चेंबरवर पालथा पडलो. आणि खाली, त्या अंधारात, चंद्रकोर! इतकी नाजूक आणि स्वच्छ, की मी ओरडलोच, चांद दिसला. शेजारचे कादरमियां धावत आले, आम्ही गळाभेट घेतली, त्यांच्या घरातून शेवया कधी होणार अशी विचारणाही झाली. नंदिनीबाई आल्या, वाकून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की पाइप धड असला तर पूर्ण गोल दिसतो, कोर दिसली म्हणजे तो मधेच खचलाय. हयातीत पहिल्यांदा चांद पाहून माझं तोंड उतरलं.

मी पुष्कळ विनवलं, लग्नापुरतं थांबा म्हटलं. त्या पाणी प्यायल्या, आफ्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, मंडप इथी टाकाल तं पंगत जमिनीत जाईन. लेक तुमची हाय, मले पाह्यवणार नाई. मी उद्यापासून खोदून राह्यली." अशा माणसावर रागवायचं कसं? मला तर अभिमानच वाटला.

बाकी सर्व ठीक. भाभींना सलाम.

तुमचा,
शफी

ता. क. अंगण खोदलंय. लग्न ब्रह्मपुरीला तुमच्या दारात होईल का? माझं नाव न घेता तुमच्याकडूनच आग्रहाचं पत्र येऊ द्या. जाहिदाला भावाची हौस वाटेल.

ता. क. भाईजान, पत्र पोस्टात टाकाले यांनी मलेच दिलं, अन् पाकीट उघडंच होतं. तुमचं पत्र आलं की मी चकित होईन, काळजी करू नका. त्या बाईले आमंत्रण मीच देऊन आली. आरसा आफ्रीननं त्यायले देऊन टाकला, म्हणे अजून किती गल्ल्या पाह्यच्या हायेत त्यायले. दुसरा तुम्ही घेऊन ठेवा, पह्यल्यापेक्षा मोठा. जाहिदा.