रानात न घ्यायचं नाव

१२ एप्रिल

आज वाघला उद्यानात नेलं. उद्यान कसलं, वाळवंट! येडशीच्या पुढं माळावर कुणाच्या तरी डोक्यातून निघालं – वाळू, निवडुंग आणि सिमेंटचा एक उंट. सावलीची झाडं लावली तशीच वाळली. उंटाची मान मोडलीय. रखवालदार नाही, माणूस नाही. पण कुत्र्याला मोकळं सोडता येतं, आणि दिवसभर उपकेंद्रात सुया टोचल्यावर मलाही कुणाचं तोंड बघायला नको वाटतं.

तिथं मेंढरं राखणारे सिदूमामा भेटले. मी "वाघ, ये इकडं" अशी हाक मारली तर त्यांनी कानावर हात ठेवले. "शिस्टर, रानात ह्ये नाव घेत न्हाईत. घेतलं की येतंय."

म्हटलं, येऊ दे की, त्यालाच बोलावतेय. आलाच – हडकुळा, तांबडा, एक कान फाटलेला माझा वाघ. मी हसले. मामा नाही हसले.

१५ एप्रिल

मामांना बोलायला लई लागतं. बायकोचे गुडघे, मेंढरांचे खूर, सुनेचा स्वयंपाक. गुडघ्याच्या गोळ्या दिल्या, खूश झाले. पण वाघला नावानं हाक मारणार नाहीत म्हणजे नाहीत. "त्यो आलाय का आज?" असंच विचारतात. खऱ्या वाघालाही 'त्यो'च. "रामलिंगाच्या रानात त्यो आलाय म्हणत्यात." म्हटलं, मामा, कुठला त्यो ते आम्ही कसं ओळखायचं?

त्यांचा नंबर घेतला. फोनची घंटी एवढी मोठी, की वाजली तर सगळी मेंढरं माना वर करतात.

१९ एप्रिल

रामलिंगाच्या बाजूला कुणाचा तरी खोंड फाडलेला सापडला म्हणे. उपकेंद्रात आज दुसरा विषय नाही. आमची आशा सेविका नागूबाई म्हणाली, "सिस्टर, आता त्या माळाला जाऊ नका." लांडगा असेल, म्हटलं. सगळ्यांना मेला वाघच पाहिजे!

२० एप्रिल

गेलेच. उंटाच्या पलीकडच्या पाणवठ्याच्या चिखलात पंजे उमटले होते. वाघनं वास घेतला आणि सरळ माझ्या पायात शिरला. घरी येईपर्यंत कण्हत होता.

कुत्र्याचेच असतील. मोठ्या कुत्र्याचे.

२३ एप्रिल

वाघ गेला.

बाभळीत काहीतरी खसफसलं, त्यानं पट्ट्यातून मान सोडवून घेतली आणि धूम पळाला. नुसता पट्टा माझ्या हातात. मी उंटापाशी उभी राहून ओरडत राहिले – वाघ, ये! वाघ, ये रे! घसा बसलाय. मामा धावत आले. माझ्यापुढं हात जोडले. "शिस्टर, वरडू नका. किती आवतण देताल त्याला?"

डोकंच फिरलं माझं. माझं कुत्रं हरवलंय आणि तुम्हाला नावाचं पडलंय, असं तोडून बोलले. वडीलधाऱ्या माणसाला असं बोलायला नको होतं. मग रडायलाच आलं. ह्या गावात माझी वाट बघणारं ते एकच आहे.

मामा म्हणाले, "दिसला की फोन करतो. तुमी जावा आता. उजेड हाय तवर जावा."

२४ एप्रिल

नाही आला. त्याच्या ताटलीतली भाकरी मुंग्यांनी खाल्ली.

२५ एप्रिल

सापडला! देवा, सापडला!

सकाळीच घरून थेट लसीकरणाला गेले होते. तिथून उपकेंद्रात येते न येते तोच मामांचा फोन. रेंज तुटत होती, आणि मामा एवढं हळू बोलत होते, की मी दार लावून ऐकलं. "शिस्टर, त्यो हितं हाय. पाणवठ्यावर. म्या उंटाच्या माघारी बसलोय. ...येऊ..." पुढचं गेलं. घेऊन येऊ का, असंच विचारत असणार. म्हटलं, नको मामा, तो तुमच्यासंगं यायचा नाही. मीच येते. तुम्ही तिथंच थांबा, त्याला जाऊ देऊ नका. आणि आज तरी त्याला नावानं हाक मारा, नाव ओळखतो तो.

"शिस्टर..." एवढंच म्हणाले. फोन कट.

नागूबाईचा नवरा मोटरसायकल घेऊन येतोय. घरून पट्टा घेते आणि निघते. मामांसाठी बिस्किटाचा पुडा घेतलाय. त्या दिवशीचं त्यांच्या पायाला हात लावून मिटवून टाकते.

२५ एप्रिल, घरी

वाघ ओट्यावर झोपलाय. अंगावरचा चिखल पार वाळलाय. शेजारची शिवांजली म्हणते, "सकाळी तुम्ही गेलात आन् लगेच आला की."

येऊ नका. मामा 'येऊ नका' म्हणत होते.

नागूबाई वनखात्याला फोन लावतेय. मोटरसायकल पुढं गेली, चार माणसं ट्रॅक्टर घेऊन निघालीत. मी मामांचा नंबर काढून बसलेय. लावत नाहीये. वाजला तर?