खंडेरावांच्या गोठ्यातून गेलेली रेघ

आदरणीय लताताईस,

नाशिकहून धाकट्या रवीचा सप्रेम जयभीम. तुझा गुडघा आता पायऱ्या चढू देतो का? दाजींची शुगर कशी आहे? आम्ही ठीक. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मी साक्षीकडून (म्हणजे तुझ्या भाचीकडून; ती गुरू म्हणून फार कडक आहे) संगणकाला चित्रं काढायला लावायचं शिकतोय. खंडेरावांनी काटेरी फांद्या टाकून तुमची वाट चार दिवस का अडवली, त्याचं मूळ इथेच आहे. दाजींनी तुला नीट सांगितलेलं नसणार.

ठिबकच्या नळ्यांसाठी दाजींना तिन्ही द्राक्षबागांचा नकाशा हवा होता. मी मोबाईल घेऊन प्रत्येक कोपऱ्यात उभा राहिलो (एका ठिकाणी मुंग्यांच्या वारुळावर) आणि जागेचे आकडे टिपले. एक कोपरा म्हणजे दोन आकडे, म्हणजे एक ठिपका. बाराही ठिपके एकाच यादीत ओळीने लिहिले आणि संगणकाला ते जोडायला सांगितलं. एक बाग संपून दुसरी सुरू झाली, हे त्याला कसं कळणार? त्याने पहिलीच्या शेवटच्या कोपऱ्यापासून दुसरीच्या पहिल्या कोपऱ्यापर्यंत बिनदिक्कत रेघ ओढली. साक्षीने खाली उपग्रहाचा फोटो लावला होता, त्यामुळे रेघ शेजारच्या खंडेरावांच्या गोठ्यातून गेलेली स्वच्छ दिसत होती. चित्र दाजींना पाठवलं आणि मी नीट तपासायच्या आत त्यांनी ते गावाच्या ग्रुपवर टाकलं. खंडेरावांचा मला फोन आला, "रवीभाऊ, गोठ्यातून रस्ता काढता व्हय? म्हशी कुठं बांधू मी?" तिकडे वाट बंद आणि द्राक्षं काढणीला आलेली.

साक्षीने चूक दाखवली. प्रत्येक बागेची स्वतंत्र यादी करायची आणि त्या तीन याद्या एका मोठ्या यादीत ठेवायच्या. संगणक मोठीतून एकेक धाकटी यादी घेतो, तिचे ठिपके जोडतो, पेन उचलतो आणि मगच पुढची घेतो. (पहिला ठिपका शेवटी पुन्हा लिहावा लागतो, नाहीतर बागेची एक बाजू उघडी राहते. माझ्या तिन्ही राहिल्या होत्या.) मी विचारलं, यादीत यादी, मग तिच्याही पोटात आणखी एक मावेल का? ती म्हणाली, "बाबा, ठिपका तरी काय आहे? दोन आकड्यांची यादीच." ताई, त्या दुपारी मी चहा प्यायचाच विसरलो.

नवा कागद घेऊन मी खंडेरावांकडे गेलो. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "यात माझं रान टाकलं तर बाकीचं सगळं पुन्हा काढावं लागंल का?" मलाही हेच जाणून घ्यायचं होतं. आम्ही दोघांनी त्यांचे चार कोपरे फिरून टिपले आणि चौथी यादी घातली. बाकी एक अक्षरही बदलावं लागलं नाही. फांद्या त्यांनी स्वतःच्या हाताने उचलल्या.

तुझा भाऊ,
रवी

ता. क. चौथ्या यादीने एक गोष्ट उघडी पडली. दाजींची मधली बाग खंडेरावांच्या रानात चार हात शिरली आहे. मोबाईल चुकत असेल म्हणून हद्दीच्या दगडापासून फीत धरली, तरी तेवढंच भरलं. न राहवून मी खंडेरावांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "वीस वर्षं ठाऊक हाय मला. तिथं लताताईंचा शेवगा हाय ना, निम्म्या शेंगा तर माझ्याच घरी येतात."

आणखी एक. हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच की यंदा त्यांना निम्म्याहून जास्त पाठव. दाजींनी विचारलंच, तर झाडाला बहर जास्त आला म्हण.