तेल्हाऱ्याचे दुरुस्त आकडे

२७ डिसेंबर १९६१, बुधवार. अमरावती

यंत्र आलं. अविनाशनं (ताईचा मुलगा, अमेरिकेत शिकतो) सुट्टीवर येताना बोटीतून आणलं. तिथल्या कुठल्याशा कचेरीनं नवं घेतलं म्हणून जुनं काढून टाकलं, ते यानं माझ्यासाठी विकत घेतलं. मुंबईला कस्टमवाल्यानं विचारलं, हे काय? आकडेमोडीचं यंत्र. कुणाला? मावशीला. त्यानं पुन्हा विचारलं म्हणे, कुणाला?

पाट्याएवढं जड. बडनेऱ्याला हमालानं दोनदा खाली ठेवलं.

अविनाश म्हणतो, "मावशी, रिटायर झाल्यावर लोक यात्रेला जातात."

म्हटलं, मीही जाणार आहे. माझं दैवत अकोल्यालाच असतं. त्याची पूजा बांधायची आहे.

२९ डिसेंबर

यंत्र चालू करता आलेलं नाही. अमेरिकेची वीज एकशेदहाची, आपली दोनशेतीसची. पिनाही चपट्या, आपल्या भिंतीत जात नाहीत. अविनाश इंजिनियर होणार आहे आणि हे त्याला बोटीत चढेपर्यंत सुचलं नाही.

विजेचं काम करणारे रहीम मिस्त्री येऊन बघून गेले. यंत्राभोवती एक फेरी मारली, कान लावला, वास घेतला.

"बाई, हे डायरेक लावसान तं धूर निंघन. फक्त धूर. हिसाब नाई निंघनार."

"मग?"

"मधात ट्रान्सफार्मर पायजे. मी गुंडाळून देतो. पन घाई करू नोका."

तीन वर्षं थांबले. आणखी आठ दिवस.

३१ डिसेंबर

वर्ष संपताना एकदा स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे पुढे आपणच आपल्याला मऊ पडायला नको.

सव्वीस वर्षं अकोल्याच्या कापूस फार्मवर गणक होते. प्लॉटचं वजन यायचं, मी वर्ग करायचे, बेरजा करायचे, भागाकार करायचे, सगळं हातानं. आमचे साहेब डॉ. केळापुरे यांची जी काही कीर्ती आहे ती त्या भागाकारांवर उभी आहे. त्यांना स्वतःला तीन आकडी भागाकार घामाशिवाय येत नसे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या निरोपसमारंभात, माझ्या गळ्यात हार असताना, भाषणात म्हणाले, "बाईंच्या जागी आता आपण यंत्र आणू. यंत्राला निदान जीभ नसते." सगळे हसले. शिपाईसुद्धा.

आता त्यांचं पुस्तक निघालं आहे. '८ नंबर'च्या कापसाचा विजय. तक्ते माझे. नाव माझं कुठेही नाही. टंकलेखकाचे आभार आहेत.

आणि तेल्हाऱ्याच्या शेतावरच्या चाचणीच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात दोन शब्द: 'दुरुस्त आकडे'.

दुरुस्त! माझ्या कागदांवर तेल्हाऱ्याला ८ नंबर हरला होता. मला पक्कं आठवतं. उत्पन्नात जुन्या वाणाच्या खाली होता. पुस्तकात तो वर आहे. आकडे आपोआप दुरुस्त होत नसतात. ट्रंकेत सगळ्या कार्बन प्रती आहेत. एकूण एक प्लॉट पुन्हा काढीन आणि चारचौघांत त्यांच्यापुढे ठेवीन. यंत्रावर काढीन. जीभ मी पुरवीन.

६ जानेवारी १९६२

चाललं! मिस्त्रींनी लाकडी खोक्यात ट्रान्सफॉर्मर घालून आणला. बटण दाबलं तशी पितळेच्या डब्यात खिळे ओतल्यासारखा आवाज. टेबल हललं, चष्म्याचं घर खाली पडलं.

मिस्त्री: "चालते, पन सुस्त चालते. तिकडच्या करंटची सवय आहे तिले."

"होईल सवय."

शर्यत लावली. बेरजेत मी जिंकले. भागाकारात ते. दुःख झालं, पण थोडंच. ते आता माझ्या बाजूचं आहे.

७ जानेवारी

गंमत म्हणून शून्यानं भागायला लावलं. थांबेचना. चाकं गरगर, आवाज वाढत चाललेला, उत्तर काही नाही. शेवटी वायर उपसली. डॉ. के. यांची वार्षिक भाषणं आठवली.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारच्या वहिनी तीळगूळ घेऊन आल्या. यंत्र पाहून विचारलं, "शिवणाचं आहे का?" तीळगूळ घेतला. गोड बोलायचं या वर्षी जमेलसं वाटत नाही.

सकाळी सहा ते आठच काम होतं. नंतर विजेचा जोर उतरतो, यंत्र भागाकाराच्या मध्येच गचकतं, सगळं पहिल्यापासून. अकोल्याचे प्लॉट झाले. बार्शीटाकळीचे झाले. दोन्हीकडे पुस्तकाशी जुळतात, शेवटच्या घरापर्यंत. जुळणारच. माझे आहेत.

२९ जाने.

चार दिवस काम बंद. ट्रान्स. तापून मेण वितळल्यासारखा वास आला. मिस्त्रींनी पुन्हा गुंडाळला. "बाई, काय एवढं मोजून राह्यल्या तुमी?" म्हटलं, एका माणसाची उंची. "मंग त्याले फीत पुरली असती ना." मिस्त्री हुशार आहेत.

३ फेब्रुवारी

तेल्हारा झाला. दोनदा काढला.

८ नंबर खाली. स्पष्ट खाली. पुस्तकातला आकडा कुठल्याही मार्गानं येत नाही.

सापडले.

आज स्वतःसाठी शिरा केला. बदाम घालून.

११ फेब्रुवारी

आणि वर हे! पोस्टानं निमंत्रण. अकोल्यात डॉ. के. यांचा सत्कार, ११ मार्च, रविवार. 'आजीमाजी सेवकांनी अगत्य यावे.' नंतर श्रोत्यांचे प्रश्न घेतले जातील.

घेतले जातील! देवा, इतकं सोपं करून द्यायला नको होतंस.

पण उभं राहायचं तर साक्ष हवी. तेव्हा तेल्हाऱ्याला शेतावर वजनं लिहायला भीमराव तायडे होते. आता अकोल्यालाच खात्याच्या गोदामात आहेत. वजनाच्या वहीवर अक्षर त्यांचं. ते म्हणाले की हो, लिहिलं तेच खरं, की झालं. पुढच्या रविवारी जाते.

१८ फेब्रुवारी, रविवार. अकोला, परतीच्या मोटारीची वाट पाहत

वही मांडीवर धरली आहे, अक्षर वाईट येईल.

तायड्यांचं घर नीटनेटकं. भिंतीवर बुद्धाची तसबीर. बायकोनं चहा दिला. मी कागद पसरले, म्हटलं, "तायडे, ही तुमची वजनं. ही खरी ना?"

ते कागदाकडे न बघताच म्हणाले, "नाई."

"नाही म्हणजे?"

"बाई, मापारी बाजारातून आनेल होता. आठवते? गंगाराम. बाजारात ओला कापूस आला का मापारी बोऱ्यामागं कडता, म्हंजे ओलीची तूट, कापते अन् उरलं तेवढंच वजन पुकारते. हातच तसा बसेल त्याचा. ८ नंबरचे प्लॉट नाल्याच्या कडेले. सकाळी दहिवरात येचत, मंग वाळवून तोलत. तरी सकाळचा माल दिसला, का कापला कडता. जुनं वान दुपारी येचत, सुकं. त्याले कडता नाई. तो पुकारे, मी लिवो."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

तायडे हसले. चांगलं हसू नव्हतं.

"सांगतलं ना. तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं माह्या. कोन्या बोऱ्याले किती कडता, समदं लिवून अकोल्याले आल्तो तुमच्याकडं. मोटार अर्ध्या रस्त्यात बंद पडली, मंग पायी. तुमी म्हणल्या, टेबलावर ठेवा. वाचलाई नाई."

मी म्हटलं, मला आठवत नाही.

ते उठले. फळीवरच्या पत्र्याच्या पेटीतून एक कागद काढला. घडीवर फाटलेला. बोऱ्यांची यादी त्यांच्या अक्षरात. खाली तांबड्या शाईत: 'बिनसहीचे कागद व तोंडी दुरुस्त्या घेतल्या जात नाहीत.' तारीख. माझी आद्याक्षरं.

माझं अक्षर. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी पट्टी मारून वळवलेलं.

"मंग साहेबाले दुसरा कागद लिवून देल्ला. त्याइनं घेतला."

विचारलं, हा इतकी वर्षं का ठेवला?

"तुमी काहून ठेवल्या कार्बन कापी?"

१९ फेब्रुवारी

कॉन्व्हेंटात शिकवलं होतं: लिहिलेला आकडा खोडायचा नाही, सहीशिवाय बदलायचा नाही. मी नियमानं वागले. कुणाशीही तशीच वागले असते.

कागद टेबलावर ठेवा, असं कुणालाही

२० फेब्रुवारी

कालचं वाक्य पुरं करते. कुणालाही म्हणत नसे. कचेरीतल्या देशपांड्यांच्या हातातून कागद घेत असे. तेही बिनसहीचे आणत.

२४ फेब्रुवारी

तायड्यांची यादी नकलून आणली होती. (मूळ कागद त्यांनी सोडला नाही. मीही सोडला नसता.) एकेका बोऱ्याला कडता परत मिळवून सगळा तेल्हारा पुन्हा यंत्रावर घातला. मनात म्हणत होते, नको जुळू.

पुस्तकाशी जुळलं. शेवटच्या घरापर्यंत.

म्हणजे के. लबाड नाहीत. इतका राग मला त्यांचा आधी कधीच आला नव्हता.

२७ फेब्रु.

मिस्त्री खोकं बघायला आले. "झालं का मोजून?" म्हटलं, झालं. "मंग? किती भरला मानूस?" चहा दिला.

२ मार्च

दोन दिवस पुस्तक पुन्हा वाचलं, शब्दन् शब्द. 'दुरुस्त आकडे'. कुणी दुरुस्त केले, का केले, कुठेही नाही. जो माणूस ओल्या कापसाचा कडता हेरून मोटार बंद पडल्यावर पायी आला, तो टंकलेखकाइतकासुद्धा नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं, दुसऱ्याच्या हातांनी मोजायचं आणि हार तेवढा स्वतःच्या गळ्यात.

के. आकड्यात सापडत नाहीत. पण आकड्याखाली सापडतात.

३ मार्च

प्रश्न तयार केला. आरोप नाही, भाषण नाही. एकच ओळ.

'तेल्हाऱ्याचे आकडे दुरुस्त कुणी केले?'

बस. सगळ्या सभेपुढे. 'तायड्यांनी' म्हणाले तर पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून आपल्याशिवाय दुसरं नाव निघेल, आणि ते मला बघायचं आहे. 'मी' म्हणाले तर तायड्यांच्या पेटीत कागद आहे.

त्या कागदावर तांबड्या शाईत मीही आहे. तो वाचला गेला तर माझं हसं त्यांच्या आधी होईल. सव्वीस वर्षांत एकही चूक नाही, हे मी तीन वर्षं अमरावतीभर सांगत फिरले आहे. वहिनींनासुद्धा.

८ मार्च

तायड्यांना पत्र टाकलं होतं: कागद घेऊन याल का? नोकरीला धक्का लागणार असेल तर येऊ नका, मी समजेन. आज कार्डावर उत्तर आलं. दोनच ओळी.

'बाई, मी येतो. माझं नाव घ्याल तं पुरं घ्या.'

म्हणजे काय ते मला कळलं. नुसतं तायडे नाही. काय झालं तेही. टेबलासकट.

११ मार्च, रविवार. अकोला, सभामंडप, साडेनऊ

तिसरी रांग. यंत्र घरीच ठेवलं, वायर काढून. त्याचं काम झालं.

डॉ. के. मंचावर, केस पांढरे झालेत, हार दोन. मला बघून हात जोडले. मीही जोडले. ते शेजारच्याला काहीतरी म्हणाले, तो हसला. जिभेबद्दलच असणार.

तायडे आले. पांढरा सदरा, बगलेत पुठ्ठ्याची फाइल. मागे उभे राहत होते. मी हाक मारून शेजारच्या खुर्चीवर बसवलं. फाइल त्यांनी माझ्यापुढे धरली. मी हातात घेतली.

प्रश्न एका ओळीचा होता, आता तीन ओळींचा झाला आहे. दुसरी तायड्यांच्या यादीची, तिसरी माझ्या टेबलाची आणि तांबड्या शाईची. ती अजून खोडलेली नाही. खोडायची नाही असा नियम आहे, पण आज सही करून खोडता येईल.

भाषण संपत आलं. ८ नंबर, ८ नंबर, ८ नंबर.

अध्यक्ष विचारताहेत, कुणाला काही